भाडेवाढ आणि मुंबईचा कायदा

भाड्याची मुदत सरली म्हणजे नवा आंकडा कोणीं व कसा ठरवावा, हा प्रश्न वरकरणी दोन गृहस्थांमधील खासगी व्यवहाराचा दिसतो. मुंबईचा गेल्या शंभर वर्षांचा इतिहास पाहिला असतां मात्र ह्या प्रश्नाच्या उत्तरावर चाळींचीं छपरें आणि हजारों कुटुंबांचें स्थैर्य अवलंबून राहिलें आहे, असें आढळून येतें.

भाड्यावरील सरकारी अंकुश ही मूळची युद्धकालीन तजवीज होय. 1915 सालीं ग्लासगो येथें मेरी बार्बर प्रभृति कामकरी स्त्रियांनीं वाढीव भाडें देण्याचें नाकारलें, आणि त्याच वर्षअखेर ब्रिटिश पार्लमेंटनें भाडीं ऑगस्ट 1914 च्या पातळीवर रोखून धरलीं. मुंबईंतहि 1918 सालीं तशाच स्वरूपाचा कायदा झाला. दुसऱ्या महायुद्धानें तोच प्रसंग पुन्हा आणला. आणि 1947 च्या कायद्यानें 1 सप्टेंबर 1940 रोजीं चालू असलेलें भाडें हेंच सामान्यतः 'प्रमाण भाडें' ठरविलें. जागा थोड्या, निर्वासितांचे लोंढे मोठे, अशा त्या काळीं हा निर्बंध न्याय्यच होता.

परंतु ह्या तात्पुरत्या कायद्याला मुदतीमागून मुदत मिळत गेली. चुना, लांकूड, गवंड्याची मजुरी, सारें महागलें. भाडें तेवढें जागच्या जागीं राहिलें. पुष्कळ मालकांनीं दुरुस्तीकडे पाठ फिरविली, आणि अखेर 1969 सालीं जुन्या इमारतींसाठीं दुरुस्ती मंडळ व उपकर यांची योजना करणें भाग पडलें. शिवाय जी वाढ पावतीवर होऊं शकली नाहीं, ती 'पागडी'च्या रूपानें पावतीवांचून झाली. आंत असलेल्या भाडेकरूला कायद्यानें राखलें. पण पागडी भरण्याची ऐपत नसलेल्या नवागताला त्याच कायद्याच्या छायेंत आसरा मिळेना.

1997 सालीं मालपे विश्वनाथ आचार्य यांच्या खटल्यांत, भाडें असें गोठवून ठेवणें आतां वाजवी राहिलेलें नाहीं, असा अभिप्राय सर्वोच्च न्यायालयानें दिला. त्यानंतरचा 1999 चा कायदा 31 मार्च 2000 पासून अमलांत आला. त्यानें मालकाला दरसाल शेकडा 4 प्रमाणें वाढ घेण्याचा हक्क दिला, पागडीला मान्यता दिली, आणि करार लेखी व नोंदलेला असावा, ही जबाबदारी मालकावर टाकली.

इतकें होऊनहि तिढा सुटला असें आम्हांस वाटत नाहीं. 100 रुपयांच्या जुन्या भाड्यावर वर्षाला 4 रुपये चढले, तर त्यांतून जिन्याची एक पायरीहि नीट होत नाहीं. उलट 'लीव्ह अँड लायसन्स'वर राहणाऱ्याच्या बाबतींत मुदत संपतांच कराराचे शब्दहि संपतात, आणि नवी वाढ गरजेच्या ताणाताणींत ठरते. एकाच गल्लींत एकाचें भाडें जवळजवळ हलत नाहीं, तर दुसऱ्याला पुढील वर्षाचा भरंवसा नाहीं.

वाढ मुळींच नसावी हा आग्रह जितका घातक, तितकीच बेबंद वाढहि घातक होय. ती बेताची असावी, नियमित असावी, आणि उभयतांना आधींपासून ठाऊक असावी. तसेंच तिचा कांहीं निश्चित भाग त्याच इमारतीच्या दुरुस्तीवर खर्च झाला पाहिजे. भाडेकरूनें दिलेला वाढीव पैसा त्याच्या डोक्यावरील छपराला लागूं लागला, तरच ही वाढ त्याला जुलूम वाटणार नाहीं.