वाद्याला पाय लागला तेव्हा

पेटीला किंवा तबल्याला चुकून पाय लागला, की आपल्याकडचे मूल लगेच वाकून नमस्कार करते. त्याला ते कोणी बसवून शिकवलेले नसते. घरात पाहून पाहून अंगवळणी पडते. हाच एवढासा संस्कार 1966 साली एका जगप्रसिद्ध गिटारवाल्याला छडी खाल्ल्यासारखा शिकावा लागला. रॉक संगीताच्या इतिहासात गर्दीचे आणि किंकाळ्यांचे क्षण पुष्कळ आहेत. पण मला विचाराल तर मी हा क्षण त्या सगळ्यांच्या वर ठेवीन.

गिटारवाला म्हणजे बीटल्स या इंग्रज चौकडीतला जॉर्ज हॅरिसन. 1965 साली ‘हेल्प’ या चित्रपटाच्या चित्रीकरणात एका हिंदी उपाहारगृहाचा देखावा होता. तिथे वादकांच्या हाती त्याने सतार पाहिली, उत्सुकतेने एक विकत घेतली आणि त्याच वर्षी ‘नॉर्वेजियन वुड’ या गाण्यात वाजवलीही. आपल्या कानांना ते वाजवणे बालबोध वाटते. पंडित रविशंकरांनाही त्याचे फारसे कौतुक वाटले नव्हते. पण त्या चार सुरांनी पाश्चात्त्य तरुणांना वेड लावले, हे मात्र खरे.

1966 च्या जूनमध्ये दोघांची इंग्लंडात भेट झाली आणि शिकवणी सुरू झाली. पहिल्याच धड्यात टेलिफोन वाजला. जॉर्ज उठला आणि सतार ओलांडून निघाला. पंडितजींनी त्याच्या पायावर फटका मारला आणि आधी वाद्याचा मान राखायला शीक, असे बजावले. ज्याच्यासाठी अर्धे जग रस्त्यावर उतरत होते, त्याने तो फटका मुकाट्याने सोसला आणि पुढे जन्मभर कौतुकाने सांगितला.

त्याच सप्टेंबरात तो सपत्नीक मुंबईला आला आणि मिशा वाढवून, नाव बदलून ताजमहाल हॉटेलात उतरला. पण लिफ्टवाल्याने ओळखलेच! मग काय, हॉटेलाभोवती ही गर्दी. शेवटी गुरुशिष्यांना काश्मीर गाठावे लागले.

वाद्याच्या मानाची गोष्ट निघालीच आहे, तर 18 जून 1967 हा दिवस सांगायलाच हवा. कॅलिफोर्नियातल्या मॉन्टरे येथे मोठा संगीत-महोत्सव भरला होता. दुपारी रविशंकर आणि तबल्यावर उस्ताद अल्लारखाँ बसले. हजारो पोरे तल्लीन होऊन ऐकत होती आणि शेवटी उठून उभी राहिली. त्याच रात्री त्याच रंगमंचावर जिमी हेंड्रिक्स या असामान्य वादकाने आपली गिटार पेटवून दिली. टाळ्या त्यालाही पडल्या. पंडितजींना ते पाहून फार वाईट वाटले. हेंड्रिक्सच्या बोटांतली जादू मी नाकारीत नाही. परंतु त्या ज्वाळांपाशी मी पंडितजींच्याच बाजूला उभा राहीन.

पुढल्या जानेवारीत, 1968 साली, जॉर्ज पुन्हा मुंबईत आला तो ‘वंडरवॉल’ या चित्रपटाचे संगीत ध्वनिमुद्रित करायला. एच्.एम्.व्ही.च्या स्टुडिओत तेव्हा एकेरी मुद्रणाचेच यंत्र होते. म्हणून कंपनीच्या भास्कर मेनन यांनी दुपदरी यंत्र थेट कलकत्त्याहून आगगाडीने आणवले! खोली काही पुरती आवाजबंद नव्हती. नीट कान दिला तर तबकडीत टॅक्सींचा आवाज ऐकू येतो, असे जॉर्ज पुढे हसून सांगत असे. सरोदवर आशिष खाँ, संतूरवर शिवकुमार शर्मा असे वादक होते. त्याच मुक्कामात ‘द इनर लाइट’ या गाण्याची साथ मुद्रित झाली. बीटल्सच्या छोट्या तबकडीवर आलेली जॉर्जची ही पहिली रचना. तिची वाद्ये वाजली ती मुंबईत, आणि याचा मला उगीचच अभिमान वाटतो!

आता 1 ऑगस्ट 1971. नोव्हेंबर 1970 च्या चक्रीवादळाने आणि नंतरच्या युद्धाने पूर्व बंगालचे लक्षावधी निर्वासित हिंदुस्थानात आले होते. रविशंकरांचे गुरू बाबा अल्लाउद्दीन खाँ त्याच मातीतले. शिष्याने मदत मागितली ती आपल्या शिष्याकडे. जॉर्जने बॉब डिलन, एरिक क्लॅप्टन यांसारखे मित्र गोळा केले आणि न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये एका दिवसात दोन कार्यक्रम केले. सुमारे 40,000 माणसे आली. आरंभी रविशंकर, अली अकबर खाँ आणि अल्लारखाँ वाद्ये मिळवीत होते. ती थांबताच टाळ्यांचा कडकडाट झाला! वाद्ये मिळवणेच इतके आवडले असेल, तर वादन आणखी आवडेल, अशी आशा पंडितजींनी हसत हसत व्यक्त केली. या प्रसंगावरून पुष्कळांनी त्या श्रोत्यांची टर उडवली आहे. मी उडवणार नाही. त्यांना राग कळला नसेल, पण ती माणसे ऐकायला बसली होती, आणि गुरुस्थानी असलेल्या माणसाला पहिले आसन द्यावे हे जॉर्जला कळले होते.

तिकिटांचे 2,43,418 डॉलर आणि 50 सेंट ‘युनिसेफ’ला पोचले. तबकडी आणि चित्रपट यांचे उत्पन्न त्याहून कितीतरी मोठे. पण कार्यक्रमाआधी धर्मादायाची रीतसर नोंद झालेली नव्हती, म्हणून अमेरिकेच्या करखात्यात त्यातले लाखो डॉलर वर्षानुवर्षे अडकून पडले.

जॉर्जने सतारीचा नाद 1968 च्या सुमारासच सोडला होता. या वाद्यात खरा उस्ताद व्हायला लहानपणापासून रियाझ लागतो, हे ओळखून तो गिटारीकडे परतला. गुरूला मात्र त्याने सोडले नाही. 1997 साली रविशंकरांची ‘चॅन्ट्स ऑफ इंडिया’ ही मंत्रांची ध्वनिमुद्रिका निघाली, तिचा निर्माता जॉर्जच होता.