द्राक्षमद्य आणि भोजनसंस्कृती

द्राक्षांचा रस आंबवून सिद्ध होणारे व व्यवहारात ‘वाइन’ या नावाने परिचित असलेले पेय. धान्याची बिअर, माडाची ताडी किंवा भट्टीवर ऊर्ध्वपातनाने काढलेली दारू यांच्याहून त्याचा सांस्कृतिक इतिहास वेगळा पडतो. ज्या ज्या समाजात हे पेय रुळले, तेथे ते भोजनाच्या शिष्टाचाराशी, यजमान व अतिथी यांच्या नात्याशी आणि विशेषतः पंक्तीत कोणास बसवावे, कोणास वगळावे व बसलेल्यांपैकी कोणास काय वाढावे या प्रश्नांशी निगडित झाले. आपल्याकडे ज्यास पंक्तिप्रपंच म्हणतात तो दोष सर्वत्र आढळतो; परंतु द्राक्षमद्याच्या इतिहासात तो जितका ठळकपणे नोंदला गेला आहे, तितका अन्य पदार्थांच्या बाबतीत क्वचितच दिसतो.

पक्व द्राक्षे चुरडली की सालीवरील किण्वांमुळे रस आपसूक आंबू लागतो; त्यामुळे या पेयाच्या शोधाचे श्रेय एका जनसमूहाच्या पदरी बांधणे व्यर्थ आहे. उपलब्ध पुराव्यांत जॉर्जियातील गदाच्रिली गोरा व शुलावेरी गोरा येथील मृत्पात्रांच्या खापरांवरील अवशेष सर्वांत जुन्यांपैकी असून ते इ. स. पू. सु. ६००० ते ५८०० या काळातील आहेत. इराणच्या झाग्रोस पर्वतातील हाजी फिरूझ टेपे येथील रांजणांत टार्टारिक आम्लाबरोबर वृक्षराळेचेही अंश मिळाले. मद्य टिकावे म्हणून त्यात राळ मिसळण्याची ही युक्ती पुढे भूमध्य प्रदेशात दीर्घकाळ चालू राहिली.

मेसोपोटेमियाच्या सखल प्रदेशात बिअर हेच सर्वसामान्यांचे पेय होते व मजुरांच्या रोजमुऱ्यातही तिचा समावेश असे. द्राक्षमद्य डोंगराळ भागातून येई, महाग पडे आणि म्हणूनच राजाच्या थाटाचे लक्षण ठरे. अ‍ॅसिरियाचा राजा दुसरा अशुरनासिरपाल याने इ. स. पू. नवव्या शतकात काल्हू (निमरूद) येथील नव्या राजवाड्याच्या प्रवेशप्रसंगी दिलेल्या मेजवानीचा शिलालेख उपलब्ध आहे. दहा दिवस चाललेल्या त्या समारंभास ६९,५७४ माणसे जेवली आणि १०,००० पखाली द्राक्षमद्य व १०,००० रांजण बिअर खर्ची पडली, असा हिशेब त्यात दिला आहे. आकड्यांत राजस्तुतीचा फुगवटा असणारच. तथापि सरंजामाची अशी बारकाईने मोजदाद करून ती दगडावर कोरून ठेवावीशी वाटली, हे ध्यानात घेण्याजोगे आहे.

ग्रीक समाजाने या पेयाभोवती जो विधी उभारला, तो ‘सिंपोझियम’ या नावाने प्रसिद्ध आहे. मद्यपान भोजनाबरोबर नव्हे, तर भोजन आटोपून हात धुतल्यानंतर व देवतांना अर्घ्य दिल्यानंतर सुरू होई. घराच्या पुरुषांसाठी राखीव असलेल्या दालनात भिंतीलगत मंचक मांडलेले असत आणि पाहुणे डाव्या कोपरावर रेलून त्यांवर पहुडत. मधोमध ‘क्रेटर’ हे रुंद तोंडाचे पात्र ठेवीत व त्यात मद्य आणि पाणी यांचे मिश्रण केले जाई. पाण्याचे प्रमाण मद्याहून बहुधा अधिक असे. हेसिअड कवीने तीन भाग पाण्यास एक भाग मद्य असा दस्तूर सांगितला आहे. त्या संध्याकाळसाठी निवडलेला अध्यक्ष मिश्रणाचे प्रमाण व फेऱ्यांची संख्या ठरवी, आणि त्याची आज्ञा सर्वांना बंधनकारक असे. निर्जळ मद्य पिणे हे सिथियन आदी परक्यांचे, म्हणजेच रानटीपणाचे लक्षण मानले जाई. सुसंस्कृतपणाचे माप येथे मद्यावरून नव्हे, त्यात घातलेल्या पाण्यावरून ठरत होते. प्लेटोच्या सिंपोझियम या संवादातील मंडळी आदल्या रात्रीच्या अतिपानाने बेजार झालेली असतात आणि आज ज्याने त्याने इच्छेप्रमाणेच प्यावे, असे ठरवून चर्चेस प्रवृत्त होतात. पाश्चात्त्य तत्त्वचिंतनातील प्रेमविषयक सर्वांत नामांकित चर्चा अशा रीतीने अंगावर उतरलेल्या मद्याच्या शिणातून उद्भवली, ही बाब तिच्या गंभीर भाष्यकारांनी सहसा फारशी मनावर घेतलेली नाही. या बैठकीतील समता मात्र फार अरुंद होती. नागरिकांच्या पत्नी व कन्या तेथे नसत. गणिका, बासरीवादक स्त्रिया व मद्य वाढणारे दास असत, पण ते पंक्तीचे भागीदार नव्हते.

रोमन भोजनगृहात तीन मंचकांवर नऊ जणांची बैठक योजीत आणि ग्रीकांच्या उलट प्रतिष्ठित स्त्रियाही तेथे पुरुषांबरोबर जेवत. ग्रीक दालनातील भेद उंबरठ्यावर होता. रोमन भोजनात तो पेल्यापर्यंत येऊन पोहोचला. कँपेनियातील फालेर्नियन मद्याची ख्याती मोठी होती, तर सैनिक व गरीब लोक आंबूस मद्यात पाणी घालून केलेले ‘पोस्का’ पीत. एकाच भोजनात तीन प्रतींचे मद्य ठेवून उत्तम प्रत स्वतःला व बरोबरीच्यांना, मध्यम प्रत कनिष्ठ मित्रांना आणि हीन प्रत दास्यमुक्तांना देणाऱ्या एका यजमानाची हकीकत धाकट्या प्लिनीने आपल्या पत्रात तिरस्काराने लिहिली आहे. आपण मात्र सर्वांस सारखेच वाढतो. त्यात खर्च वाढत नाही, कारण आपले दास्यमुक्त आपले मद्य पीत नसून आपणच त्यांचे पितो, असा त्याचा खुलासा होता. खुलासा चतुर आहे, आणि काटकसर व सौजन्य यांचा असा मेळ घालणारे यजमान सर्वच काळांत आढळतात.

यहुदी धर्मात शब्बाथच्या संध्येचा आशीर्वाद व वल्हांडणाच्या भोजनातील चार पेले यांमुळे द्राक्षमद्य घरगुती उपासनेचे अंग बनले. ख्रिस्ती उपासनेत भाकर व मद्य यांना केंद्रस्थान मिळाले, आणि मठांनी द्राक्षबागांची जोपासना केली. सहाव्या शतकातील संत बेनेडिक्टच्या नियमावलीत साधूस रोज एक ‘हेमिना’ मद्याची मुभा आहे. पंक्तीचा प्रश्न येथेही सुटला नाही. मध्ययुगीन पश्चिमी चर्चमध्ये सामान्य उपासकांना केवळ भाकर देऊन पेला धर्मगुरूंपुरता राखण्याची प्रथा रूढ झाली व १४१५ मध्ये कॉन्स्टन्सच्या परिषदेने तिला नियमाचे रूप दिले. बोहेमियातील यान हुसच्या अनुयायांनी पेला सर्वांचा असा आग्रह धरला, पेल्याचे चिन्ह निशाणावर मिरविले आणि त्यासाठी दीर्घकाळ युद्धे केली. एका पेल्याच्या वाटपावरून इतके रक्त सांडल्याची दुसरी घटना इतिहासात शोधावी लागेल.

इस्लामने मद्य निषिद्ध मानले. तरी अबू नुवास व हाफिज यांच्या काव्यात त्याला मानाचे स्थान मिळाले. बाबराने १५२७ मध्ये खानव्याच्या लढाईपूर्वी मद्यत्याग करून सोन्यारूप्याचे पेले मोडून वाटून टाकले. त्याच्या वंशजांनी तो नेम पाळला नाही. अकबराचे दोन पुत्र, मुराद व दानियाल, दक्षिणेच्या मोहिमांवर असताना अतिपानाने मृत्यू पावले.

भारतात द्राक्षमद्य प्राचीन काळापासून ज्ञात होते, पण मुख्यतः वायव्येकडून येणारी वस्तू म्हणून. पाणिनीला कापिशीचे द्राक्षमद्य ठाऊक होते आणि कौटिल्याच्या सुराध्यक्षाच्या प्रकरणातही त्याचा निर्देश आहे. पेरिप्लस या ग्रीक नौकानयनग्रंथात भडोच बंदरातील आयात मालात इटलीच्या मद्याला अग्रक्रम दिला आहे. तेर, नेवासे व घारापुरी येथे अ‍ॅम्फोरा नावाच्या दोन कानांच्या कुंभांची खापरे सापडली. त्यांपैकी काही मात्र आता इराणी आखाताकडील पात्रांची मानली जातात. गोव्यात पोर्तुगिजांच्या मद्य-लसणीत मुरविलेल्या मांसाला माडाच्या ताडीच्या शिरक्याने नवी चव दिली.

आधुनिक भोजनात प्रत्येक पदार्थासोबत निराळे मद्य देण्याचा परिपाठ वाटतो तितका जुना नाही. सर्व पदार्थ एकदम मांडण्याऐवजी ते क्रमाने वाढण्याची पद्धत युरोपात एकोणिसाव्या शतकात रुजली, तेव्हाच तो सर्वत्र शक्य झाला. पॅरिसच्या १८५५ च्या प्रदर्शनासाठी बोर्दोच्या मद्यांची जी प्रतवारी झाली, ती दलालांनी मुख्यतः बाजारभावावरून केली होती. पुढे १८६० नंतरच्या दशकांत अमेरिकेतून आलेल्या फायलॉक्सेरा या किडीने फ्रान्सच्या बागा उद्ध्वस्त केल्या आणि अमेरिकन खुंटावर युरोपीय वेलींचे कलम करूनच त्या सावरता आल्या. महाराष्ट्रातील बागाही आज बहुतांशी डॉगरिज या अमेरिकन खुंटावर उभ्या आहेत. येथे कारण किडीचे नसून क्षारांचे व पाणीटंचाईचे आहे.

महाराष्ट्रात मुंबई दारूबंदी अधिनियम, १९४९ चा अंमल चालू असतानाच शासनाने २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया धोरण जाहीर केले व नाशिक परिसरात वायनऱ्या उभ्या राहिल्या. मोठ्या दुकानांतून वाइन विकू देण्याच्या जानेवारी २०२२ मधील मंत्रिमंडळाच्या निर्णयावर तीव्र वाद झाला. मराठी घरच्या पंक्तीत या पेयाला अद्याप जागा मिळालेली नाही, आणि राज्यातील द्राक्षांचा फार मोठा भाग खाण्यासाठी व बेदाण्यासाठीच जातो.