बँक ऑफ बॉम्बेचे दिवाळे आणि मुफसलातील ऋणको

1905 पर्यंत वाशीम हा वऱ्हाडातील एक स्वतंत्र जिल्हा होता. इंग्रजी कागदपत्रांत त्याचे नाव ‘बासीम’ असे आढळते. पयानघाटाच्या काळ्या खोऱ्यातून दक्षिणेस घाट चढून गेले की लागणारा हा बालाघाटाचा मुलूख. येथील कापूस गाड्यांवर लादून अकोल्याकडे उतरे आणि तेथून मुंबईस जाई. मुंबईचा पैसाही त्याच वाटेने उलट वर चढे. 1861 ते 1865 या काळात या वाटेवर पैशाचा जो पूर आला, त्याच्या दुसऱ्या टोकाशी मुंबईतील एक पेढी होती. ती बुडाली तेव्हा झालेला लोकक्षोभ हा आर्थिक इतिहासातील परिचित विषय आहे. परंतु त्या क्षोभाने कोणाचे काय झाले, हा प्रश्न वऱ्हाडच्या बाजूने क्वचितच विचारला गेला आहे.

पेढीवाल्यांची ओळख वऱ्हाडाला नवी नव्हती. 1825-26 च्या सुमारास विकाजी व पेस्तनजी या पारशी व्यापाऱ्यांनी येथील कापूस बैलांच्या पाठीवर घालून मुंबईस धाडला, आणि पुढे निजामास दिलेल्या कर्जापोटी वऱ्हाडातील महालांचा वसूल त्यांच्याकडे गहाण पडला. हैदराबादच्या दरबाराने त्यांना पुढे त्या महालांवरून हुसकून लावले. तेथे बुडविणारा राज्यकर्ता होता व बुडणारा पेढीवाला. 1853 च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे आल्यानंतर जे घडले त्यात भूमिका बदलल्या.

बँक ऑफ बॉम्बे 1840 मध्ये सव्वाबावन्न लाख रुपयांच्या भांडवलावर स्थापन झाली. तीत सरकारचे भाग होते, सरकारनियुक्त संचालक होते, आणि सरकारी खजिन्याचा व्यवहार तिच्याकडे होता. सामान्य भागधारकाच्या दृष्टीने ती सरकारचीच बँक होती, आणि हा समज दूर करण्याची सरकारला कधी घाई झाली नाही. मूळ सनदेने तिच्यावर कडक निर्बंध घातले होते. कंपन्यांच्या भागांवर कर्ज देण्यास मनाई होती. एका व्यक्तीला किती द्यावे आणि किती मुदतीने द्यावे, यासही मर्यादा होती. 1863 च्या दहाव्या कायद्याने हे निर्बंध सैल झाले. तेव्हा अमेरिकेतील यादवी युद्धामुळे लँकेशायरच्या गिरण्यांना तेथील कापूस मिळेनासा झाला होता. मुंबईत खंडीस दोनशेच्या आत असणारा भाव पाचशेच्या वर गेला. आलेला पैसा कोठे गुंतवावा हे न कळून नवनव्या कंपन्या निघू लागल्या. बॅक बे भरणी कंपनीचा पाच हजार रुपयांचा भाग पन्नास हजारांच्या घरात विकला गेला.

या बाजाराचे सूत्रधार प्रेमचंद रायचंद यांचा बँकेचे सचिव जेम्स ब्लेअर यांच्यावर असाधारण प्रभाव होता. कर्ज कोणास द्यावे याचा निर्णय संचालकांच्या बैठकीत होण्याऐवजी प्रेमचंद यांच्या शिफारशीवर होऊ लागला. लक्षावधी रुपये केवळ वचनचिठ्ठीवर दिले गेले. या प्रकाराला ‘वैयक्तिक तारण’ असे भारदस्त नाव होते. त्याचा अर्थ इतकाच की, ऋणकोचे नाव हेच तारण. ज्यांनी कर्ज मंजूर करावयाचे आणि ज्यांनी ते घ्यावयाचे ती माणसे एकाच वर्तुळातील होती, आणि कित्येकदा तर ती एकच होती. बँकेचे भांडवल या दोन-तीन वर्षांत वाढत वाढत 2 कोटी 9 लाखांवर गेले. ही वाढ बळाची नव्हती, सूज होती.

एप्रिल 1865 मध्ये सेनापती ली शरण आला आणि कापसाचा भाव कोसळला. 1 जुलै 1865 हा वायद्यांच्या हिशेबपूर्तीचा दिवस होता. त्याच्या आधीच बेहरामजी होरमसजी कामा यांचे दिवाळे निघाले होते. पुढच्या वर्षी प्रेमचंद यांचेही निघाले. बँक मात्र सरकारच्या आधाराच्या आश्वासनावर आणखी काही काळ तग धरून राहिली आणि जानेवारी 1868 मध्ये गुंडाळण्यात आली. भांडवलापैकी सुमारे 1 कोटी 89 लाख रुपये बुडाले होते. भागधारकांच्या संतापाचे खरे कारण नुसता तोटा नव्हते. बाजारात तोटा होतो, हे मुंबईच्या व्यापाऱ्याला कोणी शिकवावयास नको होते. आपला पैसा ज्यांच्या हाती सोपविला त्यांनीच तो उचलला आणि सरकारनियुक्त संचालक ते पाहत बसले, ही खरी तक्रार होती.

या क्षोभाचे फलित म्हणजे 1868 मध्ये सर चार्ल्स जॅक्सन यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेले चौकशी मंडळ. मंडळाने कारणे स्पष्ट सांगितली: 1863 च्या कायद्याने काढलेले निर्बंध, दुर्बळ व तत्त्वशून्य सचिवांनी केलेला अधिकारांचा दुरुपयोग, संचालकांची हयगय व अपात्रता, काळाचे असामान्य स्वरूप आणि योग्य कायदेशीर सल्ल्याचा अभाव. या मांडणीत कायद्याला प्रथम स्थान आहे, हे ध्यानात घेण्यासारखे आहे. लोकांच्या तोंडी मात्र प्रेमचंद यांचेच नाव राहिले. 1876 च्या प्रेसिडेन्सी बँकांच्या कायद्याने जुने निर्बंध परत आले आणि सरकारने आपले भाग व आपले संचालक काढून घेतले. बँकेपुरता धडा घेतला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

ऋणकोंचे काय झाले? मुंबई, कलकत्ता व मद्रास या शहरांसाठी 1848 च्या विलायती कायद्याने नादारांचे न्यायालय होते. दिवाळखोर व्यापारी तेथे मालमत्ता सोपवून ऋणमुक्त होऊ शकत असे. 1865 मध्ये मुंबईतील दिवाळ्यांसाठी खास कायदा झाला. त्यान्वये धनकोंच्या संमतीने विश्वस्तांमार्फत प्रकरण मिटविता येई. ही सोय मूलतः गैर नव्हती, कारण सगळे शहर एकाच वेळी बुडाले असता न्यायालयांनी तरी काय करावे? परंतु शहराबाहेर ती नव्हती. 1859 च्या दिवाणी संहितेनुसार मुफसलातील ऋणकोला हुकूमनाम्याच्या बजावणीत तुरुंगात घालता येत असे. सर्व मालमत्ता स्वाधीन केल्यास त्याची तुरुंगातून सुटका होई, कर्जातून होत नसे. पुढे मिळविलेली वस्तूही त्याच हुकूमनाम्याखाली जप्त होऊ शके. शेटजींच्या बाबतीत त्यांचे नाव हे तारण होते, कुणब्याच्या बाबतीत त्याचा देह.

कापसाच्या तेजीत सावकाराने हात सैल सोडला होता आणि मंदी येताच तो आखडला. 12 मे 1875 रोजी पुणे जिल्ह्यातील सुपे येथे दंगा उसळला, आणि तो पुणे व अहमदनगर जिल्ह्यांत पसरला. त्यात कर्जरोखे हस्तगत करून जाळण्यावर भर होता, माणसांवर हात टाकण्यावर नव्हे. मुंबईच्या भागधारकांनी अर्ज केले होते. ज्यांना अर्ज करणे ठाऊक नव्हते त्यांनी कागद जाळले. 1879 च्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने पैशाच्या हुकूमनाम्यासाठी शेतकऱ्यास कैद करणे बंद झाले, ते पुणे, सातारा, सोलापूर व अहमदनगर या चार जिल्ह्यांपुरते. वाशीम त्यात नव्हते. वऱ्हाड मुंबई इलाख्यात मोडत नव्हते. कायद्याच्या दृष्टीने तर ते निजामाचाच मुलूख होते, आणि ब्रिटिश हिंदुस्थानचे कायदे तेथे वेगळ्या हुकुमाने लावावे लागत. वऱ्हाडात दंगाही झाला नाही, म्हणून तेथील ऋणकोविषयी तसे चौकशी मंडळही बसले नाही.

प्रेमचंद यांच्याविषयीचा राग टिकला नाही, याचे एक कारण विद्यापीठाच्या वाचकास दारातच दिसते. 1864 मध्ये, तेजीच्या शिखरावर, त्यांनी मुंबई विद्यापीठास ग्रंथालयासाठी दोन लाख रुपये दिले आणि त्यानंतर मनोऱ्यासाठी आणखी दोन लाख. मनोऱ्यास त्यांच्या मातोश्री राजाबाई यांचे नाव आहे. बँकेच्या भागधारकांची ठेव गेली, विद्यापीठाची देणगी राहिली. मनोरा 1878 मध्ये पूर्ण झाला, म्हणजे सुप्याच्या दंग्यानंतर तीन वर्षांनी. प्रेमचंद 1906 मध्ये वारले. मुफसलासाठी नादारीचा स्वतंत्र कायदा 1907 मध्ये झाला. तोपर्यंत वाशीम जिल्हा मोडून अकोला व यवतमाळ या जिल्ह्यांत वाटला गेल्यास दोन वर्षे झाली होती.