गाळातला कॅडमियम: एकूण किती, सुटणारा किती?

नदीच्या गाळात कॅडमियम एकूण किती, हे काढता येतं: गाळ तीव्र आम्लांत विरघळवा आणि मोजा. पण त्यातला किती पुन्हा पाण्यात येईल? खनिजाच्या स्फटिकात अडकलेला सहसा जागचा हलत नाही. कणांना नुसता चिकटलेला मात्र पाण्याचा खारटपणा वाढला तरी सुटू शकतो. माशांना धोका या दुसऱ्याचा.

हा फरक मोजायची सर्वांत गाजलेली पद्धत क्वेबेकमधल्या टेसिए, कॅम्पबेल आणि बिसाँ यांनी १९७९ मध्ये मांडली. एकाच नमुन्यावर ओळीने पाच द्रावणं वापरायची. आधी सहज सुटणारा धातू निघतो, मग कार्बोनेटमधला, लोह-मँगनीज ऑक्साइडमधला, सेंद्रिय पदार्थातला आणि शेवटी खनिजात उरलेला.

पुढे जो तो त्यात आपापले बदल करू लागला आणि आकडे जुळेनात. म्हणून युरोपात 'बीसीआर' या संस्थेने १९८७ मध्ये काम हाती घेतलं आणि तीन पायऱ्यांची समान पद्धत ठरवली. तरी दुसऱ्या पायरीचे आकडे प्रयोगशाळेगणिक बदलत. १९९९ च्या सुधारणेत तिथलं हायड्रॉक्सिलअमाइन ०.१ वरून ०.५ मोलर केलं, सामू २ वरून १.५ वर आणला.

बघा, गाळ तोच. द्रावण बदललं की 'सुटणारा भाग' बदलतो. हा आकडा पद्धतीनेच ठरतो. म्हणून शोधनिबंध वाचताना निष्कर्षाआधी पद्धतीचा भाग वाचा. टेसिए पद्धतीचा जुना आकडा बीसीआरच्या नव्या आकड्याशेजारी ठेवून नदी सुधारली की बिघडली, हे ठरवू नका.