तोल सावरण्याचे शास्त्र : मद्रासपासून चेन्नईपर्यंत

मद्रासच्या सरकारी सामान्य रुग्णालयात १९७८ साली डॉ. व्ही. एस. नटराजन यांनी केवळ वृद्धांसाठी बाह्यरुग्ण विभाग सुरू केला. देशातील या प्रकारचा हा पहिला विभाग मानला जातो. उतारवयात चालताना झोक जाणे, न्हाणीघरात पाय घसरणे, खुब्याचे हाड मोडून अंथरूण धरणे हे सारे वयाच्या खात्यावर मांडून मोकळे होण्याची आपली जुनी रीत आहे. डॉक्टरही तिला अपवाद नव्हते, कारण वार्धक्यशास्त्र हा विषय त्यांना स्वतंत्रपणे कोणी शिकवलाच नव्हता. त्याचे पदव्युत्तर शिक्षण देशात प्रथम सुरू झाले ते मद्रास मेडिकल कॉलेजात, आणि तेही १९९६ मध्ये.

माणूस उभा कसा राहतो, याचा उलगडा मात्र त्यापूर्वीच बराचसा झाला होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास बर्लिनचे वैद्य मोरिट्झ रोम्बेर्ग यांना आढळले की, पाठीच्या कण्यातील मज्जारज्जूचा विकार जडलेले रुग्ण डोळे उघडे असताना उभे राहतात, पण डोळे मिटताच डोलू लागतात. पायांकडून येणारी खबर तुटलेली असते आणि डोळे ती उणीव भरून काढत असतात. चेहऱ्याला साबण लावून डोळे मिटले की तोल जातो, ही अनेक वृद्धांची तक्रार याच जातीची आहे. पुढे व्हिएन्नाच्या रॉबर्ट बारानी यांनी पाहिले की, कान धुताना पाणी फार थंड किंवा फार गरम असले तर रुग्णास भोवळ येते. त्या धाग्यावरून त्यांनी आंतरकर्णाच्या तोलाची परीक्षा बसवली. त्यासाठीचे १९१४ चे नोबेल पारितोषिक त्यांना जाहीर झाले तेव्हा ते रशियात युद्धकैदी होते!

डोळे, आंतरकर्ण आणि पाय असे हे तीन खबरे. वयानुसार तिघेही मंदावतात. त्यातच स्नायूंची ताकद आणि चपळाई घटते; पाय अडखळला तर पुढचे पाऊल वेळेवर पडत नाही. चेन्नईत यात मधुमेहाची भर पडते. एम. विश्वनाथन यांनी १९४८ साली येथील स्टॅन्ले वैद्यकीय महाविद्यालयात मधुमेहाचा स्वतंत्र विभाग काढला होता. म्हणजे या रोगाशी शहराची ओळख जुनी. पुढे चेन्नईच्या शहरी मधुमेहींच्या एका पाहणीत २६.१ टक्के लोकांच्या चेतातंतूंना इजा झालेली आढळली. अशा माणसाच्या तळव्यांना जमिनीचा अंदाज येत नाही. तो भिंत धरून चालू लागतो आणि घरचे म्हणतात, वय झाले.

याच शहरात दवाखान्याबाहेर दुसरा एक प्रवाह वाहत होता. म्हैसूरच्या राजवाड्यातील योगशाळेत तिरुमलै कृष्णमाचार्य (जन्म १८८८) तरुण मुलांकडून अत्यंत जोमदार आसने करून घेत. १९५० च्या दशकात ते मद्रासला स्थायिक झाले आणि त्यांच्यापुढे आजारी, वयस्क माणसे येऊ लागली. शिकवणे बदलावे लागले. माणसाला आसनात बसवण्याऐवजी आसनच माणसाच्या मापाने बेतायचे, असे त्याचे सूत्र झाले. त्यांचे मेहुणे आणि शिष्य बी. के. एस. अय्यंगार १९३७ पासून पुण्यात होते; खुर्ची, दोर, भिंत यांचा आधार घेऊन आसन करण्याची त्यांची पद्धत मराठी घरांनी जवळून पाहिली आहे. ज्याला एका पायावर उभे राहता येत नाही त्याने भिंतीपाशी उभे राहावे, यात कमीपणा नाही, हे या दोन शहरांनी फार लवकर ओळखले.

स्वतः कृष्णमाचार्यांच्या खुब्याचे हाड वयाच्या ९६ व्या वर्षी मोडले. त्यांनी शस्त्रक्रिया नाकारली आणि अंथरुणातच करता येईल असा अभ्यास आखला, असे सांगितले जाते. ही कथा कौतुकाने सांगितली जाते, पण तिचे अनुकरण कोणी करू नये. खुब्याच्या अस्थिभंगावर शक्य तितक्या लवकर शस्त्रक्रिया आणि मग लवकर उभे करणे, हाच आजचा मान्य उपचार आहे.

मग व्यायामाने पडणे खरोखर टळते काय? २०१९ च्या कॉक्रेन आढाव्यात १०८ चाचण्या आणि २३,४०७ वृद्ध जमेस धरले होते. व्यायाम करणाऱ्यांत पडण्याचे प्रमाण सुमारे २३ टक्क्यांनी कमी दिसले. मात्र नुसत्या चालण्याने तेवढा लाभ होतो, असे त्या आढाव्याला ठामपणे म्हणता आले नाही. मरीनाच्या किनाऱ्यावर किंवा दादरच्या शिवाजी पार्कात नेमाने फेऱ्या मारणाऱ्यांना हे रुचणार नाही. चालणे हृदयाला उत्तम. पण तोल सुधारतो तो तोलाची कसोटी लागली तरच. स्वयंपाकघरातील ओट्याला हात टेकून एका पायावर उभे राहणे, टाचेला बोटे लावत चालणे, हात न टेकता खुर्चीतून उठणे ही त्याची साधी रूपे. आधार हाताशी हवा आणि जमेल तसतसा तो सैल करावा. बसल्या बसल्या केलेल्या कवायतीने हे साधत नाही.

चेन्नईतील गिंडी येथे २५ फेब्रुवारी २०२४ रोजी २०० खाटांच्या राष्ट्रीय वार्धक्य केंद्राचे उद्घाटन झाले. एका बाह्यरुग्ण विभागापासून इथवर यायला ४६ वर्षे लागली. तरीही अनेक वृद्ध आपण पडलो ही गोष्ट लपवतात; मुले एकट्याने बाहेर जाऊ देणार नाहीत, ही धास्ती असते. डॉक्टरांनी विचारले नाही तरी गेल्या वर्षभरात किती वेळा पडलो, झोपेच्या आणि रक्तदाबाच्या कोणत्या गोळ्या चालू आहेत, तळव्यांना मुंग्या येतात काय, उठताना अंधारी येते काय, एवढे तरी त्यांनी आपणहून सांगावे.