फजितीचा नाट्यप्रयोग : ‘वस्त्रहरण’ आणि त्यामागची परंपरा

राजापूर तालुक्यातील माडबन गावचे गंगाराम गवाणकर यांचे ‘वस्त्रहरण’ हे नाटक १९८० साली रंगभूमीवर आले, तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा स्थापन व्हायला अजून एक वर्ष अवकाश होता आणि राजापूरपासून सावंतवाडीपर्यंतचा मुलूख रत्नागिरी जिल्ह्यातच मोडत होता. या नाटकातील विनोदाचा उगम शोधताना ही नोंद उपयोगी पडते, कारण राजापूर हा दोन लोकनाट्यपरंपरांच्या सीमेवरचा तालुका आहे. उत्तरेकडून नमन-खेळे, म्हणजे शिमग्याच्या दिवसांत मृदंगाच्या साथीने होणारे गण, गवळण आणि सोंगे, येथवर पोहोचतात. दक्षिणेस दशावताराचे, म्हणजे देवळाच्या जत्रेत रात्रभर चालणाऱ्या आणि लिखित संहितेवाचून उभ्या राहणाऱ्या पौराणिक नाटकाचे, क्षेत्र सुरू होते. दोन्हींत आढळणारा संकासुर हा वेद पळवणारा असुर काळ्या पोशाखात येतो. दशावतारात तर तो गावच्या बोलीत बोलून देवाधर्माच्या गंभीर कारभाराची खिल्ली उडवतो, आणि तरीही श्रद्धेला बाधा येत नाही.

या दोन परंपरांच्या जोडीला उत्सवी नाटकही होते. मुंबईत नोकरीस असलेले चाकरमानी सणासुदीला गावी परतत, भाड्याचे पोशाख येत, पाठांतर कच्चे असलेल्या राजांना विंगेतला प्रॉम्प्टर तारून नेई, आणि स्त्रीपार्टी पुरुषाची मिशी हा तर वादाचा कायमचा विषय असे. रंगमंच हे येथे हौशी माणसांचे कामाचे ठिकाणच होते. त्यात मालक, कारकून, रुसवे आणि मानपान असे सगळे काही होते.

गवाणकरांनी ‘आज काय नाटक होवचा नाय’ ही मालवणी एकांकिका आधी लिहिली होती आणि तिचाच विस्तार ‘वस्त्रहरण’मध्ये झाला. द्रौपदीवस्त्रहरणाचा प्रयोग करू पाहणारी गावकरी मंडळी आणि त्यांचे सूत्रचालक तात्या सरपंच यांच्या गोंधळात महाभारताचे जे व्हायचे ते होते. येथे हसू येते ते प्रामुख्याने कलावंतांच्या आत्मविश्वासाचे, कारण नाटक कोसळत असतानाही आपण मोठे काम करीत आहोत, याविषयी त्यांना तिळमात्र शंका नसते. हे हसणे वरून खाली पाहणाऱ्याचे नाही. प्रेक्षागृहातील कित्येकांनी गावच्या ओट्यावर अशाच फजितीत भाग घेतलेला असल्याने ते स्वतःलाच हसत असत. शहरी परीक्षकांनी त्यास केवळ ग्रामीण थट्टा मानले असते, तर नाटकाचा निम्मा अर्थ हरवला असता.

नाटकाचा आरंभीचा प्रतिसाद थंडच होता. पु. ल. देशपांडे यांनी पत्राद्वारे मनापासून दाद दिल्यानंतर मात्र गर्दी लोटली. तात्या सरपंचांच्या भूमिकेतील मच्छिंद्र कांबळी हे मालवणी बोलीचे मुंबईतले ओळखचिन्ह बनले, प्रयोगसंख्या ५००० च्या पलीकडे गेली आणि मालवणी नाटक लंडनलाही पोहोचले. योगायोग असा, की त्याच लंडनमध्ये १९८२ साली मायकेल फ्रेन यांचे ‘नॉइजेस ऑफ’ आले, ज्यात प्रवासी नाटकमंडळीच्या प्रयोगाचा बोजवारा पडद्यामागून दाखवला आहे. फ्रेन यांचा विनोद घड्याळाच्या काट्यावर चालतो आणि एक दार चुकीच्या क्षणी उघडले तर सारे बिघडते. ‘वस्त्रहरण’ला तशा काटेकोरपणाची गरज नाही, कारण दशावताराप्रमाणे त्या दिवशीच्या प्रेक्षकाशी बोलण्याची मोकळीक नटाने राखलेली असते, आणि त्यामुळेच छापील संहिता वाचून या नाटकाची कल्पना फारशी येत नाही.