खोली, वाडी आणि शेलूचं घर : भाडेकरूच्या जागेचा इतिहास

आजचा विषय मुंबईतल्या स्वस्त घरांचा आहे, पण सुरुवात आपण कर्जत तालुक्यातल्या शेलूपासून करणार आहोत. का, ते सांगतो.

शेलू म्हणजे मध्य रेल्वेवर वांगणी आणि नेरळ यांच्या मधलं छोटं स्टेशन. वांगणी ठाणे जिल्ह्यात, शेलू रायगडमध्ये. मार्च २०२४ मध्ये राज्य सरकारने शासन निर्णय काढला आणि मुंबईच्या गिरणी कामगारांसाठी या दोन गावांत मिळून ८१,००० घरं खासगी विकसकांकडून बांधून घ्यायचं ठरलं. घराची किंमत साधारण पंधरा लाख, त्यातला साडेपाच लाखांचा भार अनुदानाचा आणि उरलेले साडेनऊ लाख कामगाराने भरायचे. त्यावर कामगार संघटनांनी काय केलं? जुलै २०२५ मध्ये आझाद मैदानावर मोर्चा नेला. मागणी एकच होती : घर मुंबईत द्या. त्या निर्णयातलं सतरावं कलम रद्द करा, हीही मागणी होती, कारण या घराला नकार दिला तर हक्कच जाईल असा त्याचा अर्थ होता.

आता कुणीही विचारेल, पक्कं घर मिळतंय, सरकार पैसे घालतंय, मग नको कशाला म्हणायचं? हा प्रश्न आम्हाला खोटा वाटत नाही. पण त्याचं उत्तर आजच्या वर्तमानपत्रात सापडत नाही, त्यासाठी शंभर वर्षं मागे जावं लागतं.

आधी एक लक्षात घ्या. कर्जत-खालापूर आणि गिरणगाव यांचं नातं २०२४ साली जुळलेलं नाही. १८५६ साली ताडदेवला दावरांची कापड गिरणी सुरू झाली, त्याच साली जीआयपी रेल्वे खोपोलीपर्यंत पोचली. १९१५ साली खोपोलीला टाटांचं जलविद्युत केंद्र सुरू झालं. घाटमाथ्यावरचं पाणी खाली खालापूर तालुक्यात उतरायचं आणि त्याची वीज मुंबईच्या गिरण्यांना जायची. बेचाळीसच्या आंदोलनात माथेरानच्या भाई कोतवालांच्या आझाद दस्त्याने मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले, ते याच भागात. म्हणजे गिरणीची चाकं फिरायची ती इथल्या विजेवर. वीज इथून तिकडे गेली, आणि आता शतकानंतर गिरणीतला माणूस तिकडून इकडे पाठवला जातोय.

तर हा माणूस मुंबईत राहत कुठे होता? खोलीत. १८९६ साली प्लेग आला. सरकारच्या लक्षात आलं की कामगार कशा जागेत राहतो. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट निघाला. त्याने दाट वस्त्या पाडल्या, रुंद रस्ते काढले, थोड्या चाळीही बांधल्या. पण पहिल्या दहाबारा वर्षांचा हिशेब असा की पाडकाम जास्त आणि गरिबांसाठी बांधकाम कमी. उठवलेली माणसं शेजारच्या वस्तीत शिरली आणि तिथली दाटी वाढली. पुनर्विकासाचा हा आपल्याकडचा पहिला मोठा धडा.

मग १९२० साली गव्हर्नर लॉईड यांच्या काळात डेव्हलपमेंट डिपार्टमेंट आलं. कापसाच्या गाठीमागे एक रुपया कर बसवला आणि ५०,००० खोल्यांचा बेत केला. प्रत्यक्षात वरळी, नायगाव, डिलाईल रोड आणि शिवडी इथे मिळून २०७ चाळी झाल्या. एका चाळीत ऐंशी खोल्या, म्हणजे एकूण साडेसोळा हजारांच्या आसपास. खोली १६० चौरस फुटांची, संडास सामायिक. याच त्या बीडीडी चाळी.

पण गरिबाचं घर टिकलं ते बांधकामामुळे नव्हे, कायद्यामुळे. हा मुद्दा नीट ऐका. पहिल्या महायुद्धात भाडी भडकली तेव्हा १९१८ साली मुंबईत पहिला भाडे नियंत्रण कायदा आला. दुसऱ्या महायुद्धाच्या वेळी पुन्हा आला. आणि १९४७ साली तो मोठा कायदा झाला, ज्याला आपण सगळे 'रेंट अ‍ॅक्ट' म्हणतो. त्यात १ सप्टेंबर १९४० चं भाडं प्रमाण धरलं. मालकाला वाटलं म्हणून भाडेकरूला काढता येईना, कायद्यात दिलेलं कारण कोर्टात सिद्ध करावं लागे. आणि भाडेकरू वारला तर त्याच्यासोबत राहणाऱ्या घरच्या माणसाकडे भाडेकरूपण जाई. गिरणी कामगाराची विधवा खोलीत राहिली ती या एका तरतुदीच्या आधारावर. पुढे १९७३ साली दुरुस्ती झाली आणि त्या वर्षीच्या १ फेब्रुवारीला लायसन्सवर राहत असलेल्यांनाही संरक्षण मिळालं.

इथे कायद्याने नेमकं काय राखलं? चौरस फूट नव्हे. त्याने जागा राखली. गिरणीच्या भोंग्याच्या टप्प्यातली, बाजाराजवळची, परळच्या केईएम रुग्णालयाला पायी जाता येईल अशी जागा. त्या जागेत खानावळ चालायची. गावाकडून एकटे आलेले कामगार दोन वेळचं जेवण जिच्याकडे जेवायचे, ती बाई आपल्या खोलीतच रांधायची. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते अशाच बायकांसाठी. आता ही खोली उचलून ऐंशी किलोमीटरवर नेली, अगदी दुप्पट मोठी करून दिली, तरी खानावळ बंदच पडणार. जेवायला येणार कोण?

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर हा इतिहास अर्धा राहील. भाडं गोठलं आणि इमारत मोडकळीला आली. महिन्याला पन्नास रुपये भाड्यात मालक गिलावा करणार नाही, हे उघड आहे. कागदावर भाडं कमी, पण खोली हातोहात जाताना पागडी भारी, असा काळा व्यवहार वाढला. १९६९ साली सरकारने दुरुस्ती मंडळ काढलं, जुन्या इमारतींवर उपकर बसवला आणि त्या पैशातून दुरुस्ती सुरू केली. १९,६४२ इमारती त्या यादीत होत्या. पैसा कधी पुरला नाही. १९९७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की भाडं असं कायमचं गोठवून ठेवणं वाजवी नाही, मग १९९९ चा नवा कायदा आला. तोवर बऱ्याच इमारती हाताबाहेर गेल्या होत्या. ऑगस्ट २०१७ मध्ये भेंडीबाजारात हुसैनी इमारत पडली, तेहतीस माणसं गेली. जुलै २०१९ मध्ये डोंगरीत केसरबाई इमारतीचा भाग कोसळला. म्हणून 'पुनर्विकास नकोच' असं म्हणणं भाडेकरूच्या जिवावर बेतू शकतं. कायद्याने भाडेकरू राखला, पण त्याच्या डोक्यावरचं छप्पर राखायची सोय केली नाही.

ही उणीव भरून काढायला बाजार आला. १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीत ३३(७) हा नियम आला. विकसकाने जुन्या भाडेकरूला फुकट घर द्यायचं आणि बदल्यात जास्तीचं चटईक्षेत्र विकायचं. भाडेकरूला आधी किमान २२५ चौरस फूट, पुढे ३००. त्यासाठी सत्तर टक्के भाडेकरूंची संमती लागायची, ती आता एक्कावन्नवर आली. हे वाईट आहे असं आम्ही म्हणत नाही. पण माप बदललं, हे पाहा. १९४७ चा कायदा विचारायचा, 'तू इथे राहतोस का?' १९९१ चा नियम विचारतो, 'तुला किती फूट द्यायचे?' आणि एकदा हक्क फुटांत मोजला की तो कुठेही देता येतो.

यातून गळतं कोण? ज्याचं नाव भाडेपावतीवर नाही तो. पोटभाडेकरू, एका खोलीत मिळून राहणारे गाववाले, नवरा गेल्यावर पावतीवर नाव न चढवलेली बाई. आणि जे संक्रमण शिबिरात गेले ते. 'तात्पुरतं' म्हणून गेलेली कुटुंबं तिथे वर्षानुवर्षं राहिली, मुलांची लग्नं तिथेच झाली. घर परत मिळालं तरी लिफ्ट, पंप, सफाई यांचा महिन्याचा खर्च जुन्या भाड्याच्या कितीतरी पट. तो झेपला नाही की माणूस घर विकतो आणि गाडी धरतो. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत, खोपोली.

जागेवरच घर देणं जमतच नाही का? जमतं. बीडीडी चाळींचं काम म्हाडाकडे दिलं, २०१७ मध्ये भूमिपूजन झालं, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या ५५६ कुटुंबांना त्याच आवारात ५०० चौरस फुटांची घरं मिळाली. वेळ लागला, भांडणं झाली, पण माणूस वरळीतच राहिला.

गिरणीच्या जमिनीचं तसं झालं नाही. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले आणि बहुतेक परत आत गेलेच नाहीत. मागे राहिली सुमारे सहाशे एकर जमीन. १९९१ च्या नियम ५८ प्रमाणे पुनर्विकास करताना तिचे तीन वाटे व्हायचे होते : एक पालिकेला, एक म्हाडाला, एक मालकाला. २००१ साली नियम बदलला आणि वाटणी फक्त मोकळ्या जमिनीची उरली. जिथे शेड उभी ती जागा हिशेबातून गेली. २००६ साली सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम केला. म्हाडाचा वाटा आटला आणि त्याबरोबर कामगारांची घरंही. २०१२ मध्ये पहिली सोडत निघाली ६,९२५ घरांची, २०२० मध्ये ३,८९४ घरांची. अर्ज मात्र पावणेदोन लाखांच्या घरात. मुंबईत जागा संपली असं सांगत घरं पनवेलजवळ कोनला गेली, आणि तिथून शेलूला. जागा संपली नव्हती, ती २००१ साली वाटपातून काढली होती. शेलूच्या घराचा इतिहास तिथे सुरू होतो.

अर्जदार आज सत्तरीच्या आसपास आहेत, कित्येकांच्या नावावर आता वारस आहेत. मुलाची नोकरी लोअर परळला, औषध केईएमचं, आणि घर दीड-दोन तासांच्या लोकलवर. कुणाला ते चालेलही. गावाकडे परतलेल्याला शेलू सोयीचं वाटू शकतं. ज्याला हवं त्याने जरूर घ्यावं. पण निवड म्हणून देणं वेगळं आणि नाकारलंस तर हक्क गेला म्हणून देणं वेगळं.

आता शेवटचा भाग, आणि तो मुंबईच्या व्याख्यानांत सहसा येत नाही. शेलू, नेरळ, कर्जत, चौक, खोपोली ही काही रिकामी जमीन नाही. इथे ठाकूर आहेत, कातकरी आहेत. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिअसुरक्षित आदिवासी गटांपैकी एक. बहुतेक कातकरी भूमिहीन. वाडी पिढ्यानपिढ्या तिथेच, पण सातबारा दुसऱ्याच्या नावावर. दिवाळीनंतर घरं बंद करून माणसं वीटभट्टीवर, कोळशाच्या कामाला जातात आणि पावसाच्या तोंडावर परततात. जमिनीला भाव नव्हता तोवर मालकाला वाडीची अडचण नव्हती. फार्महाऊस आले, प्लॉटिंग आलं, पनवेल-कर्जत उपनगरी मार्गाचं काम निघालं, तसं मालकाला कुंपण आठवलं.

आणि इथे गंमत बघा. रेंट अ‍ॅक्टनंतर वर्षभरात, १९४८ साली, मुंबई प्रांताने कूळ कायदा केला. आपल्याला त्यातलं 'कसेल त्याची जमीन' तेवढं आठवतं. पण त्यात राहत्या घराचीही कलमं आहेत. मालकाच्या जमिनीत कुळाने बांधलेल्या घरातून त्याला सहज काढता येणार नाही, घराखालची जागा विकायची झाली तर पहिला हक्क त्याचा, आणि हे संरक्षण शेतमजुराला आणि गावातल्या कारागिरालाही. म्हणजे शहरात भाडेकरू, गावात कूळ, दोघांना एकच गोष्ट सांगितली गेली : जिथे राहतोस तिथून तुला उठवणार नाही. कायदा पुस्तकात अजून आहे. वाडीतल्या माणसाला तो कुणी सांगत नाही.

म्हणून आम्ही या दोन गोष्टी आज एकत्र मांडल्या. परळची खोली महाग झाली म्हणून कामगार शेलूला येतो, शेलूची जमीन महाग झाली म्हणून कातकरी वाडीवरून उठतो. दोघांना एकमेकांसमोर उभं करणं सोपं आहे. पण दोघांचं दुखणं एकच : हक्क जागेचा होता, तो फुटांचा किंवा उताऱ्याचा झाला.

ऐकणाऱ्यांपैकी कुणी चाळीत राहत असेल, तर घरातला भाडेकरू वारल्यावर पावतीवर नाव चढवून घ्या, आणि संमतीपत्रावर सही करण्याआधी 'किती फूट' याच्या अगोदर 'कुठे, कधी आणि महिन्याचा खर्च किती' हे लेखी मागा. कर्जत-खालापुरात कुणी वाडीबरोबर काम करत असेल, तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ मध्ये प्रत्येक घराची नोंद आहे का ते तपासा, घरपट्टीची पावती जपून ठेवा. लोक भट्टीवर गेले असतील तेव्हा वाडीवर एक चक्कर टाका. कुंपण बहुतेक त्याच दिवसांत पडतं.